हाझलफुर्ट, शब्दामागे दोन रुपये

एरवी माझ्याकडे येतात पंपांची माहितीपत्रकं :
व्हॉल्व्ह, गॅस्केट, ‘झाकण चालू स्थितीत उघडू नये’.
या वेळी चाकणच्या कंपनीने अख्खं गावच पाठवलं.
हाझलफुर्ट. वस्ती चार हजार एकशे बारा.
मूळ मालकांचं जन्मगाव म्हणे.
कॅन्टीनच्या भिंतीवर मराठीत लावायचंय,
कामगारांना कळू दे
आपला पंप कुठल्या पाण्यात पोहायला शिकला.

मी तिथे कधी गेलेलो नाही.
नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर बसून
तीन आठवडे राहून आलो फक्त.

नदी तिथे कोपरात दुमडलेल्या हातासारखी वळते.
उतार आधी गुरांना सापडला, मग माणसांना,
मग जकातवाल्यांना.
बाजार गुरुवारचा, बाराशे एकोणसत्तरपासून,
आणि धड कोबी अजूनही गुरुवारीच मिळतो.
पुलाचा पैसा माणसाला एक, घोड्याला दोन,
नवरीला माफ,
पण फक्त येताना.
मनोऱ्यावरच्या घड्याळाला मिनिटकाटा बसवायचा ठरला
तेव्हा पालिकेच्या तीन बैठका झाल्या.
एवढी घाई कोणाला आहे, असा प्रश्न इतिवृत्तात नोंदलाय.
मी एकटाच हसलो.
ही माणसं मला ओळखीची होती.

बेकरीच्या कोपऱ्यावर दगडात पुराच्या रेघा :
तेराशे बेचाळीस, सतराशे चौऱ्याऐंशी,
सगळ्यात वरची इतकी वर
की पोरांना दाखवायला खांद्यावर घ्यावं लागतं.

आमच्या जिन्यात रिसबूड भिंतीला तळहात टेकवायचे.
‘इथपर्यंत. एकसष्ट साली.’
पानशेत हा शब्द ते उच्चारत नसत.
खूण अशी नव्हतीच कधी, हातच होता.
ते गेले, मग सोसायटीने रंग काढला,
फिकट पिस्ता.

पान एकतीस.
‘१९३२ : नदीकाठी नवे दिवे.’
‘१९४६ : पुलाची दुरुस्ती सुरू.’
आणि मध्ये एकच ओळ :
‘चांभारगल्लीतली अकरा कुटुंबं आबगेराइस्ट.’

कोश म्हणतो : निघून गेली, रवाना झाली.
मी दोन दिवस त्या शब्दाभोवती फिरलो.
गावाला गेली? पण हेच त्यांचं गाव.
आपल्यात निघणारा माणूस उंबऱ्यातून
‘येतो’ म्हणतो.
‘जातो’ म्हटल्याबद्दल मी लहानपणी टपली खाल्ली आहे.

नगरपालिकेला पत्र टाकलं, उत्तराची आशा न धरता.
दफ्तरखान्यातल्या गुंडुला एकहार्ट बाईंनी लिहिलं :
ओळ मूळ नोंदवहीतली आहे. वहीत हाच शब्द आहे.
तारीख तेवीस एप्रिल बेचाळीस.
वार तुम्ही विचारला नाहीत.
गुरुवार. बाजार भरला होता.
सोबत एक कागद जोडते आहे, तो छापील पुस्तकात नाही.

अडतीस नावं.
शेवटून चौथं : हेडविग लोएब, वय सहा.

त्या संध्याकाळी खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं.
भिडे पूल बुडाला, पोलिसांनी दोरी बांधली,
आणि लोक काठाला उभे राहून
किती क्युसेक, किती क्युसेक, एकमेकांना विचारत होते.
मोठा आकडा सांगणाऱ्याकडे आदराने बघत होते.
मीही विचारलं.

परतल्यावर लिहिलं : ‘त्यांना नेलं.’

ढमढेरे मॅडमचा फोन आला, कंपनीतून.
सर, बाकी फार छान उतरलंय,
पण एकतीस नंबरला... मुळात असं नाहीये ना?
नाहीये, मी म्हटलं.
भाषांतरात चूक धरा हवं तर.
दोनच शब्द आहेत,
बिलातून चार रुपये कापून घ्या.

पलीकडे कॅन्टीनमधल्या ताटांचा आवाज येत होता.
‘विचारून सांगते,’ म्हणाल्या.

भिंतीवर काय लागलं, मला माहीत नाही.
मी जिन्यात पेन्सिलीने एक रेघ मारली आहे,
फिकट पिस्त्यावर, अंदाजाने.
रिसबूड माझ्यापेक्षा उंच होते की बुटके,
आता आठवत नाही.